चौसष्ट तास

"मग कोण सोडतंय तास? की टोपीत चिठ्ठ्या टाकू?" उपप्राचार्य सेयितबेक यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. एकूण एक विभागप्रमुख कागदात डोके खुपसून बसले होते.

किर्गिझस्तानातल्या ओश शहरातल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यासक्रमाची फेरतपासणी चालली होती. यंदा पहिल्यांदाच विद्यार्थ्यांनाही बोलावले होते. तिसऱ्या वर्षाच्या अक्मारालने मागणी मांडली होती: रुग्णाशी, त्याच्या घरच्यांशी कसे बोलावे, हे शिकवणारा वेगळा विषय हवा. मागणीला सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यासाठी आपल्या विषयाचे तास मात्र कोणी सोडेना.

"बोलायला काय शिकवायचंय?" शरीररचनेचे तुर्गुनबाय म्हणाले. "देवानं तोंड दिलंय, बोला की!"

हशा पिकला. अक्माराल लाल झाली, पण खाली बसली नाही.

"तुर्गुनबाय बाइके, मागच्या महिन्यात वॉर्डात एका आईनं मला विचारलं, माझ्या पोराला काय झालंय? मला शब्दच सुचेनात. मी आपलं आजाराचं लॅटिन नाव सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं काही वाईट आहे की काय."

या खेपेला कोणी हसले नाही.

टेबलाच्या टोकाला बुरमाकान एजे, सगळ्यांच्या थोरल्या ताई, बसल्या होत्या. एकोणतीस वर्षे त्या इथे लॅटिन शिकवत आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान ओरोझबाय दवाखान्यात वारले, तेव्हा एक तरुण डॉक्टर दाराशी आला आणि खाली बघत मृत्यूचे कारण लॅटिनमध्ये सांगून निघून गेला. त्यांचाच विद्यार्थी. उच्चार स्वच्छ होता, विभक्तीही बिनचूक. ते बिनचूक असल्याचे आपल्याला आधी जाणवले आणि ओरोझबाय गेल्याचे नंतर, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते. सांगायला घरात कोणी उरलेही नव्हते.

"लॅटिनचे माझे चौसष्ट तास घ्या," त्या म्हणाल्या.

"सगळे?" सेयितबेक गडबडले. "अहो एजे, मग तुम्ही काय करणार?"

"निम्मे द्या ना," तुर्गुनबाय हळूच म्हणाले. "असं कुणी आपल्या हातानं स्वतःला घरी बसवतं का?"

"निम्म्यात भागायचं नाही. लॅटिन नावं तर पोरं तुमच्याकडे शिकतातच. लिहून घ्या, सेयितबेक."

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मंडळी पुलाव गार व्हायच्या आत म्हणून लगबगीने खाली गेली.

अक्माराल दाराशी थांबली होती. "एजे, मला तुमचे तास नको होते हो. खरंच."

"ठाऊक आहे गं."

"मग हा विषय तुम्हीच शिकवा ना!"

बुरमाकान एजेंनी कागद पिशवीत टाकले. "मला नाही येत, बाळा. जा, जेवून घे."

खाली कोट सांभाळणाऱ्या बाईने त्यांचा कोट काढून दिला. "आज लवकर सुटलात, एजे?"

"हो, सुटले."

बाहेर थांब्यावर घराकडे जाणारी गाडी आली. चालकाने दार उघडून वाट पाहिली. भर दुपारी घरी जायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हातानेच 'जा' म्हटले. मागून दुसरी आली, तीही त्यांनी जाऊ दिली.