सुइणीची वेल

फुलं निवडावीत तर आवडीनं! कोंडाणे गावाच्या वरल्या ठाकरवाडीत ही आवडी राहायची, आणि कर्जत स्टेशनाबाहेरचा रमजान फुलवाला रोज तिचीच टोपली आधी उघडायचा. झेंडू-शेवंती काय, कुणीही आणतं. आवडी आणायची तेरड्याच्या भरगच्च काड्या, कारवीचे निळे तुरे, कुर्डूची गुलाबी कणसं. खोपोलीला वीजघर झालं तसे तिथं साहेबांचे बंगले उठले होते. त्यांच्या मडमांना गुच्छात रानातलं काहीतरी अजब हवं असायचं. आता अजब म्हणजे काय, ते त्यांचं त्यांना ठाऊक!

त्या साली भादव्यात आवडीनं कळलावी नेली. लाल-पिवळी, चुलीतल्या जाळासारखी वर उठलेली फुलं. रमजान बघतच राहिला. पण तोडलेली फुलं वाटेत माना टाकायची, म्हणून तो म्हणाला, "आवडीबाय, मुळासकट उपटून आण. कंद ओल्या फडक्यात बांध, म्हंजे फूल टिकतं." झालं! आवडी महिनाभर डोंगर धुंडाळत राहिली आणि दिसेल ती वेल उपटत राहिली.

दसरा गेला, रानातली फुलं सरत आली. रमजान म्हणाला, "एका मडमेकडं मेजवानी हाय. शेवटचा एक गुच्छ कळलावीचा दे. तुझ्या गोदाच्या बाळाला नवी घोंगडी देतो."

घोंगडी! गोदा तिची एकुलती एक लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. थंडी तोंडावर, आणि घरात पांघरायला धड चिंधी नाही. आवडीचा जीव त्या घोंगडीत अडकला.

पण आता फुललेली एकच वेल उरली होती, वाडीमागच्या ऐनाच्या झाडाखाली. ती सुइणीची वेल. बाई अडली की म्हातारी कोंडी सुईण त्या कंदाचा बोटभर तुकडा काढायची, उगाळून पोटावर लेप द्यायची, मूल आलं की लगेच धुऊन टाकायची आणि उरलेला कंद पुन्हा मातीआड करायची. गुण कंदाचा की कोंडीच्या हाताचा, देव जाणे. पण त्या वेलीचं पानही कुणी तोडत नसे.

आवडीला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण गरवार बाईनं ह्या वेलीजवळून जाऊ नये, अवेळी कळा येतात, हेही वाडीत सगळे मानायचे. गोदा तर रोज पाण्याला त्याच वाटेनं जायची. 'वेल गेली तर बरंच की, पोरीच्या वाटेतली पीडा टळंल,' असं आवडीनं मनाशी धरलं. गोदाचे दिवस भरायला अजून अवकाश होता. तोवर दुसरी वेल शोधू. मनाची समजूत घालायला माणसाला कारणं काय, हवी तेवढी सापडतात. तिनं वेल कंदासकट उपटली.

घोंगडी आली. गोदानं ती पोटावर पसरली आणि हसली, "आय, माजं पोर तर राजाच झालं गं!"

दोन दिवसांनी पहाटेच, अवेळी, गोदाच्या कळा सुरू झाल्या. सूर्य डोक्यावर आला तरी मूल हलेना. मग कळाही थांबल्या. कोंडी कुदळ घेऊन ऐनाखाली गेली आणि रिकामी परत आली.

"वेल कुनी नेली?"

कोंडीनं गोदाच्या अंगावरची नवी घोंगडी पाहिली आणि समजायचं ते समजली. बायामाणसं रानात पांगली, पण उरल्यासुरल्या वेली वाळून गेलेल्या. कंद कुठं दडलाय, कळणार कसं?

आवडी कर्जतला धावत सुटली. रमजानपुढं कोसळून म्हणाली, "भाय, माजा कंद दे. पोर अडलीय."

रमजानचा चेहरा उतरला. "कंद तर कापून टाकले गं. गुच्छात बसत नव्हते."

दुकानामागच्या उकिरड्यावर दोघं गुडघ्यावर बसली. दसऱ्याचे कुजके झेंडू रमजाननं कोपरापर्यंत हात घालून उपसले. अखेर एक कंद मिळाला, फाळासारखा वाकडा, अर्धा सुकलेला. रमजाननं टांगा बोलावून तिला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं.

चढ चढताना आवडीनं कान दिला. वाडीतून रडणं ऐकू येत नव्हतं. 'हाय, अजून हाय,' म्हणत ती घरात शिरली.

गोदा भुईवर निजवलेली होती. घोंगडी हनुवटीपर्यंत ओढलेली, पोट तसंच उंच. बाया भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या.

कोंडीनं तिच्या हातातला कंद घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "कोंब हाय अजून. जा, ऐनाखाली पूर. शेजारच्या सुंदराला सातवा म्हयना लागलाय."

"कोंडीआय, मला शिव्या तरी घाल गं!"

"शिव्या घालून काय व्हनार? जा, उजेड हाय तवर."

आवडी गेली. तिनंच उकरलेला खड्डा अजून तसाच होता. तिनं कंद ठेवला, कोंब वर केला, माती लोटली आणि त्या मातीवर कपाळ टेकून हंबरडा फोडला. तिकडं गोदासाठी खड्डा खणायला माणसं कुदळी घेऊन निघाली होती.