पुन्हा त्याच मशीनवर

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. बाइंडिंग खात्यात तिची अठरा वर्षं गेली होती. कागदाचा गठ्ठा नुसता चाचपून त्यात किती कागद असतील ते ती सांगायची. त्याच हाताची दोन बोटं कटिंग मशीनच्या पात्याखाली गेली. ती गठ्ठा सरळ करत होती आणि जोडीला उभ्या असलेल्या वादळाने न बघताच पेडल दाबलं. वादळ हे टोपणनाव. माणसाला घाई फार.

तीन महिन्यांनी ताई कामावर परतली, तेव्हा वादळ गोदामात रद्दी बांधत होता. दवाखान्यात तो एकदाही फिरकला नव्हता. आता त्याच्याशी कुणी बोलत नसे. जेवायलाही तो जिन्याखाली एकटाच बसे. ते बघून ताईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

पण रविवारी चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना, आपले अपराध करणाऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली आणि तिची जीभ अडली. झोपेतही पाठ असलेले शब्द, पण तोंडातून बाहेर पडेनात. उपासना संपेपर्यंत ती खाली मान घालून बसून राहिली.

सोमवारी सकाळी ती थेट मुकादमापुढे जाऊन उभी राहिली.

"मला कटिंगवर घ्या. आणि जोडीला वादळ द्या."

मुकादमाने चष्मा काढला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"डोकं आहे. बोटं तेवढी गेलीत."

मुकादमाने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाला, "मशीनला आता जाळी बसवलीय. बघा, पण जबाबदारी तुमची."

घरी नवरा भडकला. "ज्याने हात तोडला त्याचीच वकिली करतेस?"

"प्रभूने मला किती वेळा सांभाळून घेतलं, ते मोजायला दहाही बोटं पुरली नसती," ती म्हणाली. यावर नवऱ्याने नुसताच दरवाजा आपटला.

वाटलं होतं त्याहून काम अवघड निघालं. वादळ पार बदलला होता. पेडल दाबण्याआधी तो खाली वाकून बघे, उठे, पुन्हा वाकून बघे. "हात बाहेर?" असं चार-चारदा विचारी. दिवसाकाठी निम्मंही काम होईना. खात्यातली माणसं त्याला आता मुंगी म्हणू लागली. तिसऱ्या आठवड्यात ताईचाही तोल सुटला.

"अरे, बाहेर आहेत म्हटलं ना! किती वेळा सांगू?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो मशीनपासून दूर झाला आणि थेट दाराकडे निघाला. माफ करायला निघालेली बाई एका वाक्यात होती तिथे आली होती. ती त्याच्यामागे धावली.

"चुकलं माझं. चल, परत."

"मी येऊ शकलो नाही दवाखान्यात," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "दोनदा फाटकापर्यंत आलो होतो. तुमच्या हाताकडे बघायची हिंमत नव्हती, ताई. माफ करा मला."

ताईने आपला हात त्याच्यापुढे धरला. "हे घे, बघ. बघितलंस? आता कामाला लाग. आणि हवं तितक्यांदा विचार, मी सांगेन."

त्याने विचारलं आणि तिने सांगितलं, आठवडेच्या आठवडे. हळूहळू चारचे दोन झाले. मग तो एकदाच विचारू लागला, तेही ठाम आवाजात. गठ्ठे भराभर कापले जाऊ लागले. डबा खाताना तो आता सगळ्यांमध्ये बसतो.

राग कायमचा गेला, असं मात्र झालं नाही. ब्लाउजचे हुक लावताना तो अजून उसळतो. अशा सकाळी ती अर्धवट लावलेले हुक तसेच सोडून पलंगाच्या कडेला बसते, देवाजवळ त्या माणसाला नव्याने माफ करते आणि मगच कामाला निघते.