मलमाचं वाण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत हळदीकुंकवाचा नुसता धुरळा असतो. प्लास्टिकचा डबा असो, चहाची गाळणी असो, नाहीतर कुणाच्या लग्नातून उरलेला कंगवा असो, वाण म्हणून हातात पडलं की ते डोळ्याला लावायचं आणि पदराखाली झाकून घरी आणायचं. केवढ्याला आणलं हे विचारायचं नाही, आणि नको तर मुळीच म्हणायचं नाही. मला हे सगळं चांगलं माहीत आहे, कारण मी ते दारातून बघत आले आहे. नवरा गेल्यापासून मला हळदीकुंकवाला बोलावतात ते चहा गाळायला.

आम्ही बायका घरी बसून टॉवेलच्या कडा शिवतो. सोलापुरातले पांढरेशुभ्र टॉवेल परदेशी जातात ना, त्यांची कड आमच्या मशीनखालून जाते. कामाचे गठ्ठे येतात आमच्या बचत गटांच्या महासंघातून, आणि महासंघ म्हणजे विजयमालाताई. गठ्ठा कुणाला द्यायचा, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे सगळं ताईंच्या हातात. आमचा आरोग्य विमाही ताईंनीच काढला होता. आमच्या मजुरीतून हप्ता कापला जायचा. दवाखान्यात भरती व्हायचं झालं तर त्यातून खर्च निघणार होता, आणि बाहेरून आणलेल्या औषधांचाही. विम्याचं कार्ड हातात आलं तेव्हा आम्हाला केवढं बरं वाटलं होतं! सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात खाली झोपलेल्या बायकांना ते विचारावं.

तर गेल्या वर्षी महासंघाच्या हळदीकुंकवाला ताईंनी वाण दिलं मलमाचं. पांढरं, झाकणाचं, गुबगुबीत भांडं. पाहुणे म्हणून डॉक्टर उदयसिंह आले होते. त्यांचा दवाखाना सात रस्ता चौकात, आणि खालीच त्यांच्या मेहुण्याचं औषधाचं दुकान. डॉक्टर म्हणाले, तुम्ही माउल्या दिवसभर मशीनवर वाकता, मान धरते, मनगटं धरतात, म्हणून हे मलम खास तुमच्यासाठी आमच्या दुकानात घोटून घेतलंय, बाजारात मिळायचं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी प्रत्येकीला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, भांडं दिलं, आणि वाण मिळाल्याची म्हणून कागदावर सही घेतली. 'विम्याचं कार्ड पण द्या गं, फोटो काढून लगेच परत देते,' असंही म्हणाल्या. बायकांनी दिलं. वाण देणाऱ्या बाईला सही कसली, कार्ड कशाला, असं कोण विचारणार?

माझ्या शेजारच्या सायराबानूलाही भांडं मिळालं. ती कुंकू लावत नाही, पण ताई तिला तिळगूळ द्यायच्या आणि वाणही द्यायच्या. तिचा नवरा नबीलाल रिक्षा चालवतो, चांगला धडधाकट आहे. मी ट्रे घेऊन चहा वाटत होते. माझ्यापाशी आल्यावर ताईंनी हात मागे घेतला आणि पुढच्या बाईकडे वळल्या. मला त्याचा राग आला होता, नाही असं कशाला म्हणू. सायराने घरी येताना भांडं माझ्यापुढे धरलं.

"अक्का, तूच घे की. तुझी मान दुखती."

"तुझं वाण हाय ते. ठेव," मी म्हणाले.

तिने ते कपाटावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. गल्लीत कुणीच ते उघडलं नाही. तेलकट मलम हाताला लावून पांढऱ्या टॉवेलला कोण हात लावणार? एक डाग पडला की सगळा गठ्ठा परत येतो. पण वाण टाकूनही देता येत नाही, म्हणून घरोघरी ती भांडी तशीच, वरचा कागदसुद्धा न फाडलेली, कुठे देवाजवळ तर कुठे पिठाच्या डब्यामागे बसून होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सायराचं अंगावरून जाणं थांबेना. गर्भाशयात गाठी निघाल्या. मशीनवर बसली की तिला घेरी यायची. पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आम्ही कार्ड घेऊन खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, मान वर न करता म्हणाली, "यात काहीच शिल्लक नाही. वर्षभर औषधांत संपलंय."

"कसली औषधं?" मी विचारलं.

"मलम. दर महिन्याला."

सायरा माझ्याकडे बघत राहिली. तिने वर्षभर एक क्रोसिन घेताना दहादा विचार केला होता. तिच्या नावावर महिन्यामागून महिने मलम गेलं होतं, तेही सोन्याच्या भावाने. कंपनीच्या औषधावर किंमत छापलेली असते, तिथे फार चोरता येत नाही. दुकानात घोटलेल्या मलमावर कसली छापील किंमत? डॉक्टरांनी कागदावर लिहायचं, मेहुण्याने मनाला येईल तो आकडा टाकायचा, विमा कंपनीने भरायचा, आणि मग सगळ्यांनी वाटे घालायचे. ताईंच्या दारात नवी गाडी आली तेव्हा आम्हीच तिला हळदकुंकू वाहिलं होतं. भांडं एकदाच मिळालं, बिलं मात्र वर्षभर निघत राहिली.

सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली ती लांबची. म्हणून मी नबीलालला घेऊन विमा कंपनीकडे तक्रार केली. आणि झालं काय? चौकशीला ऋतुराज नावाचा एक तरुण साहेब आला तो थेट सायराच्याच घरी, तिच्याच चौकशीला!

"सही तुमची आहे ना? कार्ड तुमचं आहे ना? मग एवढं मलम गेलं कुठं?"

सायरा अंथरुणावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा. ती नुसती हात जोडत होती, "साहेब, मी न्हाय केलं, खुदा कसम." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे. माझं डोकं फिरलं.

"अहो साहेब, एवढं मलम लावायला तिच्या घरी हत्ती बांधलाय व्हय? ते बघा कपाटावर भांडं. कागद तरी फाडलाय का?"

त्याने भांडं खाली काढलं, उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "तुम्हीही याच महासंघात आहात ना? तुमचं कार्ड दाखवा."

त्याने माझा नंबर मोबाईलवर टाकला. विमा पूर्ण शिल्लक होता. त्याला नवल वाटलं. गल्लीतली बाकीची नावं बघितली तर सगळ्यांची तीच गत, मलमात संपलेली. फक्त माझं, आणि पलीकडच्या दोघींचं तसंच्या तसं.

"तुम्हा तिघींना मलम का नाही दिलं?"

"कारण आमी तिघी विधवा हाय, बाळा. आमाला वाण देत न्हाईत."

त्याचा हात थांबला. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. आजार बघून औषध दिलं असतं तर विधवेची मान दुखत नाही का? हे औषध दवाखान्यात कुणाला दिलंच नव्हतं, ते हळदीकुंकवात वाटलं होतं. ताईंनी सगळं नीट केलं, बायकांच्या सह्यासुद्धा गोळा केल्या, पण विधवेचं कार्ड तेवढं घेता आलं नाही. चोरी करतानाही त्यांना माझा विटाळ होता.

ऋतुराजचा आवाज उतरला. "मावशी, मला पटलं. पण माझ्या पटण्याने यांची फाईल सुटत नाही. ज्यांना भांडी मिळाली त्यांनी स्वतः सांगायला हवं, भांडी दाखवायला हवीत. मग मी यांच्यावरचे क्लेम रद्द करायला लिहितो. विमा परत मिळेल, ऑपरेशन होईल."

मी दारोदार फिरले. काय सांगू तुम्हाला! ज्या बायका पाण्यासाठी नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्यांच्या तोंडाला कुलूप. एक म्हणाली, सही माझी पण हाय, मलाच धरतील. दुसरी म्हणाली, ताईनं गठ्ठे बंद केले तर खायाचं काय? म्हाळसाबाई गल्लीत सगळ्यांत वडीलधारी, तिचा शब्द बायका मानतात. तिने तर दारच अर्धं लोटून घेतलं.

"वाणाला नावं ठिवू नये, वैजयंती. माझा मालक अंथरुणाला खिळलाय. त्याच्यावर काय आलं म्हंजे?"

"अन् सायरा मेली म्हंजे?"

मी प्रत्येकीला एवढंच सांगून निघाले, "बोलू नका. रथसप्तमीला येताना तेवढं ते भांडं पिशवीतून आणा."

रथसप्तमीला महासंघाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. टेबलावर यंदाही तीच गुबगुबीत भांडी रचलेली! पुन्हा डॉक्टर उदयसिंह, पुन्हा माउल्या, मान आणि मनगटं. मागच्या खुर्चीवर ऋतुराज बसला होता, मीच त्याला बोलावलं होतं; ताई आणि डॉक्टर त्याला ओळखत नव्हते. मी त्या दिवशी चहाचा ट्रे उचलला नाही. सायराचं भांडं पदराखाली घेऊन मी पुढे गेले.

"ताई, यंदा आदी तुमची ओटी भरायची हाय. पदर पुढं करा."

आपल्याकडच्या बाईला ओटी म्हटलं की हात आपोआप पदर पसरतात. ताईंनीही पसरला. मग माझं तोंड दिसलं, हातातलं भांडं दिसलं, आणि त्यांनी पदर झटकून मागे घेतला.

"हे गं काय? चांगल्या दिवशी, तुझ्या हातून? अक्कल आहे का काही?"

"हे सायराचं वाण. परत घ्या. ह्या भांड्यापायी तिचं ऑपरेशन अडलंय."

डॉक्टर हसले. "अहो बाई, पैसे कंपनीचे गेले. तुमचं काय गेलं?"

"सायराचं रक्त गेलं," मी ओरडले. मला भान राहिलं नव्हतं. "रोज जातंय. तुमी डॉक्टर हाय का कोण हाय?"

"बाहेर काढा गं हिला," ताई म्हणाल्या. "स्वतःचं कपाळ पांढरं, दुसऱ्यांचं बघवत नाही. अपशकुनी मेली."

माझे डोळे भरून आले, रागाने की अपमानाने, मला आजही सांगता येत नाही. दहा बायकांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, संपलं. आता सायराला कसं तोंड दाखवायचं?

तेवढ्यात म्हाळसाबाई गुडघ्यावर हात देत उठली. हळूहळू चालत ताईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"तिच्या हातनं नगं ना? मग माझ्या हातनं घ्या. मी सवाष्ण हाय की. करा पदर पुढं."

सवाष्णीची ओटी नाकारायची कशी? ताईंचे हात पुन्हा पुढे आले. म्हाळसाबाईने पिशवीतून भांडं काढलं, वरच्या कागदासकट, आणि त्यांच्या ओटीत ठेवलं. "वरीसभर देवापाशी ठिवलं हुतं. लावलं न्हाय, अन् दुसरं मिळालं बी न्हाय. तुमी वाणात पाप घातलंत, ताई."

मग आमच्या गल्लीतली नागव्वा उठली. "अय्यो, माझं पण घ्या," म्हणत तिने तिचं ठेवलं. तिच्यामागून एकेक. पदर जड झाला, खाली ओढला जाऊ लागला, तसा ताईंनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला. सोडला तर भांडी सगळ्यांसमोर घरंगळणार. डॉक्टर घड्याळ बघत उठले, पेशंट थांबलेत म्हणाले. ऋतुराज दाराशी जाऊन उभा राहिला.

"बसा डॉक्टर. मी विमा कंपनीकडून आलोय. आधी या बायकांचं लिहून घेतो, मग तुमचं."

त्याच्या मागे दारात रिक्षा थांबलेली दिसली. नबीलालच्या खांद्याला धरून सायरा उतरत होती. मी तिला येऊ नको म्हणून बजावलं होतं. ती चौकट धरून क्षणभर उभी राहिली, मग भिंतीच्या आधाराने आत आली. बायकांनी वाट दिली. तिने ताईंकडे बघितलं.

"ताई, मला ओटी भराया येत न्हाय. पण तुमचं वाण मी डोळ्याला लावून घेतलं हुतं."

ताईंनी मान फिरवली. ऋतुराजने माझ्या हातातल्या भांड्याकडे बोट केलं. "हे कुणाचं?"

"माझं," सायरा म्हणाली. "सायराबानू. लिवा साहेब." मी भांडं तिच्या हातात द्यायला गेले, तर तिने माझंच मनगट धरलं. तिचे हात थंडगार होते.

"न्हाय अक्का. माझं वाण तुझ्याच हातनं घाल."

मी पुढे झाले आणि ते भांडं ओटीत ठेवलं. ताईंचे दोन्ही हात पदराला गुंतलेले होते. मला अडवायला त्यांच्यापाशी एकही हात मोकळा नव्हता.