नापसंत दगडाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला एका माणसावर सूड उगवायचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बालपणाची वर्णनं वाचताना तुम्ही उगाच विरघळणार नाही.

माझा जन्म एका लहानशा खाणीत झाला. जन्म म्हणजे सुरुंग. आईवडील कोण ते विचारू नका, त्याआधी आम्ही सगळे मिळून एकच डोंगर होतो. धुरळा खाली बसला तेव्हा मला कळलं की आपण वेगळे आहोत आणि आपल्याला एका अंगाला पोट सुटलेलं आहे. पाथरवटाने त्या पोटावर छिन्नी चालवून पाहिली. छिन्नीचं टोक मोडलं. "असू दे, लागेल कुठेतरी," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक आणि बराच काळ शेवटचं. मग एका गाढवाच्या पाठीवर बसून मी बांधकामावर आलो.

तिथे एका चर्चच्या शेजारी मुलांच्या वर्गासाठी खोली बांधत होते. खोलीपुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या कोपऱ्यात दगडी खांब आणि त्या खांबाच्या बुडाशी एक मुख्य दगड बसणार होता. ती जागा माझीच आहे, याबद्दल मला तरी शंका नव्हती. मिस्त्री आला, विडी कानामागे खोचली आणि मला पायाने उलटंपालटं केलं. हाताने नाही, पायाने.

"ह्याला पोट आहे. टाक तिकडे."

एवढंच. माझ्या जागी त्याने एक गुळगुळीत, नाकीडोळी नीटस, भांग पाडल्यासारखा चिरा बसवला. त्या क्षणापासून मी त्या मिस्त्रीचा वैरी झालो.

पुढची वर्षं मी वर्गाच्या दाराशी काढली. वारा आला की दार आपटू नये म्हणून मला दाराला लावत. बाकीच्या वेळी मुलं माझ्यावर चपलांचा चिखल पुसत. एक मांजर ऊन खायला माझ्यावर बसे, आणि एक कुत्रा रोज सकाळी येऊन माझ्याविषयीचं आपलं मत नोंदवून जाई. मी गप्प होतो. माझा सगळा वेळ बदल्याच्या विचारात जात होता आणि दगडाकडे वेळ भरपूर असतो.

दार उघडं असल्यामुळे वर्गातलं सगळं मला ऐकू येई. संडे स्कूल एक बाई घेत. त्या मिस्त्रीची थोरली बहीण, म्हणून मीही त्यांना ताईच म्हणतो. एका रविवारी त्या मुलांना सांगत होत्या की येशू जन्माला येण्याच्या कितीतरी शतकं आधी संदेष्ट्यांनी येणाऱ्या मसीहाच्या खुणा सांगून ठेवल्या होत्या, आणि त्या सगळ्या येशूच्या ठिकाणी पूर्ण झाल्या अशी आपली श्रद्धा आहे. तो एका लहानशा ठिकाणी जन्मेल. गाढवावर बसून येईल. आपलीच माणसं त्याला झिडकारतील. मारायला नेतील तरी कोकरासारखा गप्प राहील.

मी सावरून बसलो. लहानशी खाण. गाढव. झिडकारणं. गप्प राहण्याच्या बाबतीत तर मी कोकराच्या बापालाही हार गेलो नसतो.

"आणि एका स्तोत्रात असंही आहे," ताई म्हणाल्या, "की बांधणाऱ्यांनी नको म्हणून टाकलेला दगडच पुढे कोपऱ्याचा मुख्य दगड होईल."

मित्रांनो, मांजर माझ्यावरून उडून पळालं. मी हललो नव्हतो, पण काहीतरी जाणवलं असणार. एवढ्या जुन्या काळी कोणीतरी माझा पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता!

पुढच्या धड्यात तर ताईंनी कहर केला. एका संदेष्ट्याने म्हणे असंही सांगितलंय, की तो पुष्कळांना ठेच लागण्याचा दगड होईल. हे मी आज्ञा म्हणून घेतलं. त्याच आठवड्यात मिस्त्री खिडकी दुरुस्त करायला आला आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या पोटाला भेटला.

"आई गं! हा धोंडा मुद्दाम मध्ये येतो!"

"दगड कसा येईल मुद्दाम? तूच येतोस," ताई आतून म्हणाल्या. "डोळे आहेत की बटणं? एवढं रविवारी आत येऊन बसला असतास तर अंगठा शाबूत राहिला असता."

"तुझा उपदेश रविवारसाठी ठेव, ताई. आज बुधवार आहे."

नंतर तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा तेव्हा मी कामाला लागलो. कधी अंगठा, कधी नडगी, एकदा चपलेचा पट्टा. पण हा सगळा किरकोळ व्यवहार होता. मी वाट पाहत होतो ती कोपऱ्याची. एकदा का मी मुख्य दगड झालो, की त्या माणसावर असा कोसळणार होतो, की त्याचा भुगा चाळणीतून गाळता आला असता.

माझ्या या योजनेत खोडा घातला तो एका मुलीने. तिला सगळे चौकशी म्हणत, कारण ती दुसरं काही करतच नसे.

"टीचर, पण अशा खुणा कोणालाही जुळवता येतील. आमचे काकापण लहान गावात जन्मले. त्यांनाही सगळे नको म्हणतात."

मुलं हसली. ताईही हसल्या, पण त्यांनी प्रश्न टाळला नाही.

"जुळवता येतील गं. येशूनेसुद्धा ती खूण माहीत असूनच गाढव मागवलं होतं की. म्हणून नुसत्या खुणा मोजून थांबू नकोस. नको म्हटल्यावर त्याने काय केलं, ते बघ. संदेष्ट्याने तेही सांगून ठेवलंय. ज्यांनी मारलं, त्यांच्यासाठीच तो देवापुढे मध्यस्थी करेल. क्रूसावरून त्याने त्यांच्यासाठीच क्षमा मागितली. माझा विश्वास तिथे बसतो, गाढवावर नाही."

"मग ज्यांनी तो दगड टाकला, त्या बांधणाऱ्यांवर तो सूड म्हणून पडला का नाही?"

"तो कोपऱ्याचा दगड ना? तोच पडला तर घर राहील का? आणि ज्यांनी टाकलं, त्यांनाही त्याच घरात यायचंय."

मला हा खुलासा अजिबात आवडला नाही. त्या रात्री दार आपटलं तरी मी अडवलं नाही.

आणि मग तो दिवस आला. माझ्या जागी बसवलेला तो भांग पाडलेला चिरा मधोमध तडकला. आतून पोकळ होता, हे मी कोणत्याही आकसाशिवाय सांगतो. खांब खचला. ताई आणि चौकशी वर्गात चित्रं लावत होत्या. दुरुस्तीला बोलावलेल्या मिस्त्रीने खांबाला एक लाकडी टेकू लावला आणि फुटक्या चिऱ्याचे तुकडे काढायला बुडाशी हात घातला. तेवढ्यात एक तुकडा घसरून त्याच्या मनगटावर बसला. हात आत अडकला, आणि वर टेकू कुरकुरायला लागला.

"ताई," तो म्हणाला. ओरडला नाही. म्हणून त्या धावत आल्या.

"ओढ ना हात!"

"निघत नाही. टेकू चाललाय. काहीतरी घाल खाली. लवकर!"

तो त्याचा उजवा हात होता. गवंड्याची करणी धरायचा. त्या हातावर त्याचं घर चालत होतं.

"टीचर, दाराचा दगड!" चौकशी किंचाळली.

दोघींनी मला ढकलत, लोळवत नेलं आणि त्याच्या हाताशेजारच्या फटीत कोंबलं. टेकू निसटला. अख्खा खांब माझ्यावर आला. मी कोपऱ्याचा दगड झालो.

मित्रांनो, आता नीट ऐका. मी पोटावर बसलो होतो. पोट गोल असतं. मला काही करायचंच नव्हतं, फक्त जरा कलायचं होतं. एक बोटभर. त्याची बोटं माझ्या अंगाला लागलेली होती. चौकशी माणसं बोलवायला पळाली. मिस्त्रीने गाल जमिनीला टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"थांब रे बाबा," तो मला म्हणाला. "नको कलंडू."

इतकी वर्षं मी याच घडीसाठी कुढत होतो. सगळं जुळलं होतं. खाण, गाढव, नापसंती, कोपरा. उरलं होतं ते फक्त ताईंनी सांगितलेलं शेवटचं, क्षमेचं, आणि ते माझ्यात नव्हतं. माझ्यात नुसता राग होता. पण मी कललो असतो तर खांब गेला असता, खांबामागे छप्पर, आणि छपराखाली भावाचा खांदा धरून ताई बसल्या होत्या. त्या हलत नव्हत्या.

मी हललो नाही. दात असते तर आवळले असते. चौकशीने गाठलेला एक ट्रकवाला जॅक घेऊन येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कोणत्याही दगडाने दिल्या नसतील. आणि तेव्हाच मला कळलं, की ज्याच्याबद्दल ते सगळं सांगून ठेवलं होतं तो मी नाही. मी एक दुपार एक खांब पेलला, तोही शिव्या देत. त्याने टाकणाऱ्यांना आत घेण्यासाठी सगळं पेललं, आणि त्यांच्यासाठी क्षमा मागत पेललं. हे माझ्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही.

हात वाचला. मनगट सुजलं, पण बोटं हलत होती. काही दिवसांनी मिस्त्रीने नवा चिरा घडवून आणला आणि मला बाहेर काढलं.

"अरे, ह्याने तुझा हात वाचवला आणि ह्यालाच काढतोस?" ताई म्हणाल्या.

"पोट आहे त्याला, ताई. खांब डुलेल."

होय, दुसऱ्यांदा नापसंत. पण या वेळी त्याने मला हातांनी उचललं, दाराशी नेलं आणि हळू ठेवलं. पुढच्या रविवारी तो आला. आत गेला नाही. दारात माझ्यावर बसला, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून, आणि धडा संपेपर्यंत उठला नाही. वजन चांगलंच आहे त्याचं. मी त्याला माफ केलेलं नाही. मी त्याला बसू दिलं, एवढंच.

तेव्हा मित्रांनो, कोणाला नको म्हणायचं असेल तर म्हणा, पण पायाने नको, हाताने बाजूला ठेवा. टाकलेला प्रत्येक दगड तो सांगून ठेवलेला दगड नसतो. बहुतेक माझ्यासारखे असतात.