तपासणीपुरती सिस्टर

तपासणी आली की त्या हॉस्पिटलात दोन गोष्टी हमखास व्हायच्या. जिन्यातला कायमचा बंद दिवा लागायचा, आणि खालच्या वॉर्डांतल्या नर्सा वरच्या मजल्यावर जायच्या. वरचा वॉर्ड गंभीर पेशंटांचा. तिथे दोन खाटांमागे एक नर्स असा नियम होता. एरवी तो भिंतीवरच्या फ्रेममध्ये सुखाने नांदत असे.

खालच्या वॉर्डात मात्र पेशंट चाळीस आणि सिस्टर एक. जोडीला मावशी, म्हणजे वॉर्डातली आया. सिस्टर ड्युटीवर पाणी पीत नसे, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं आणि तेवढी चैन तिला परवडत नव्हती. पाय तर आता ड्युटी सुरू व्हायच्या आधीच दुखू लागायचे. घरी गेल्यावर सासूबाई "दमलीस का गं?" असं विचारायच्या, तेव्हा तिला "हो" म्हणायचाही कंटाळा यायचा.

त्या सकाळी मेट्रन स्वतः वॉर्डात आल्या.

"चल, वर चल. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"मॅडम, आणि माझे चाळीस पेशंट?"

"मावशी आहे की. तपासणीवाले खाली ढुंकूनही बघत नाहीत."

"पण मावशीने काय काय बघायचं?"

"हे बघ," मेट्रन आवाज खाली आणून म्हणाल्या, "वर माणसं कमी दिसली तर वॉर्डाला टाळं लावतील. मग ते पेशंट काय माझ्या डोक्यावर ठेवू? नर्सा द्या, नर्सा द्या म्हणून माझी जीभ झिजली. जे आहे त्यातच भागवायचंय. गाडी फाटकात आलीय, चल."

मेट्रनही काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

तेवढ्यात दाराजवळच्या खाटेवरून शिंपीकाकांनी हात वर केला. पोटाच्या ऑपरेशनला दोनच दिवस झाले होते, अंगात त्राण नव्हतं. "सिस्टर, जरा बाथरूमपर्यंत नेता का?"

"भांडं देऊ का, काका?"

"नको हो, एवढ्या माणसांत! सूनबाई नेते एरवी, पण आज तिला बाहेर बसवलंय."

तपासणीच्या दिवशी नातेवाइकांनाही फाटकाबाहेर काढत. वॉर्डातलं निम्मं काम तेच करत, हे तपासणीवाल्यांना दिसता कामा नये.

"एकटे उठू नका हं, चक्कर येईल. मी आलेच. मावशी, काकांना बघ गं!"

"मीही गिऱ्हाइकांना जन्मभर 'उद्या देतो' असंच सांगत आलो," काका हसून म्हणाले. "जाऊन या. मी बसतो."

वरच्या वॉर्डात तिच्या वाट्याला दोन खाटा आल्या. दोनच! तिला हसावं की रडावं कळेना. एका खाटेवर एक म्हाताऱ्या शाळामास्तरीणबाई होत्या. तोंड वाकडं झालेलं, बोलता येत नव्हतं. सिस्टरने कोमट पाण्याने त्यांचं तोंड पुसलं, केसांचा गुंता सोडवला, अलगद कुशीवर वळवलं. कुणी मागून हाक मारत नव्हतं. कुशीवर वळवताना तिचा हात त्यांच्या पोटरीला लागला. पोटरी गरम होती, दुसरीपेक्षा चांगलीच सुजलेली. तिने डॉक्टरांना बोलावलं.

"रक्ताची गुठळी दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "बरं झालं, वेळेवर बघितलंत. छातीत गेली असती तर बाई हातच्या गेल्या असत्या."

बाईंनी सिस्टरचा हात धरला तो सोडेचनात. सिस्टरचे डोळे भरून आले. नर्सिंग शिकताना हेच तर शिकवलं होतं. एवढ्या वर्षांत हे करायची सवड आज मिळाली, तीही खोटी.

तपासणीवाल्या बाई मागेच उभ्या होत्या. "छान," त्या म्हणाल्या. "तुम्ही याच वॉर्डातल्या ना?"

मेट्रन खाकरल्या. सिस्टरने खाली बघितलं. "हो," ती म्हणाली.

ती खाली आली तेव्हा शिंपीकाका बाथरूमच्या दाराशी जमिनीवर पडले होते. खालचे डॉक्टर शेजारी बसून त्यांचा पाय तपासत होते. खुबा मोडला होता. मावशी पदराने डोळे पुसत होती. "पेशंटचं रक्त लॅबमध्ये पोचवायला गेले गं, तेवढ्यातच! मी एकटी कुठे कुठे पुरू?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आधी बोलले तेच. "तुमची वाट बघितली हो सिस्टर, खूप बघितली. मग अंथरूण खराब होईल म्हणून उठलो. चूक माझीच. तुम्ही सांगून गेला होतात."

मेट्रन धापा टाकत आल्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघ, ते स्वतःच म्हणतायत. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा माणूस पाय मोडून पडलाय, वर आपल्यालाच सांभाळून घेतोय, आणि सगळ्यांना ते सोयीचं! मावशी आणि डॉक्टर काकांना ट्रॉलीवर घालून एक्स-रेला घेऊन गेले. मेट्रन त्यांच्या सुनेला बोलवायला फाटकाकडे धावल्या. सिस्टर मात्र जिना चढून थेट मेट्रनच्या खोलीत शिरली. तपासणीवाल्या बाई चहा घेत होत्या.

"मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज चढवायलाही तिच्यात जोर उरला नव्हता. "मी वरच्या वॉर्डातली नाही, खालची आहे. तुम्हाला दाखवायला मला वर उभं केलं. मी वर होते म्हणून एक बाई वाचल्या. खाली नव्हते म्हणून एक म्हातारा पाय मोडून बसला. तुम्ही लिहा, नर्सा पुरेशा नाहीत. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

बाईंनी कप खाली ठेवला.

"खाली तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?"

"एक मावशी. ती एक्स-रेला गेलीय त्यांच्याबरोबर."

"आणि तुम्ही इथे," बाई सावकाश म्हणाल्या. "मग आत्ता खाली कोण आहे?"

"कोणीच नाही," सिस्टर म्हणाली. आणि पुढचं सगळं बोलणं तिथेच टाकून ती जिन्याकडे पळत सुटली.