बी बाजू जयाची

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं वय तसं फार नाही, पण यंत्रांचं म्हातारपण लवकर येतं. माझा रबरी पट्टा सैल पडला आहे, त्यामुळे माझ्यातून बोलणारा प्रत्येक माणूस आता दमल्यासारखा वाटतो.

१९८२ साली मी कुवेतहून नागपूरच्या नंदनवन वस्तीत आलो. मला आणणारा रविंद्र तिकडे इलेक्ट्रिशियन होता. सुट्टी संपवून परत जाताना त्याने मला बायकोच्या, जयाच्या, हवाली केलं. जया बी.एस्सी. झालेली. तिने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि कोणतं काय करतं ते वहीत लिहून काढलं. एवढ्या बारकाईने माझ्याकडे नंतर कुणीच पाहिलं नाही.

घरात सासरे चंद्रभान होते आणि त्यांची बहीण कौसल्याआत्या. सासऱ्यांना कमी दिसे, आत्याला वाचता येत नसे. म्हणून रविंद्र पत्राऐवजी कॅसेट पाठवी. त्याच्या कंपनीतलं कुणी नागपूरला आलं की कॅसेट येई. मग मला बैठकीत स्टुलावर मांडत. शेजारच्या शामलाबाईही येऊन बसत. "सगळ्यांले जय भीम," असं रविंद्र म्हणाला की सगळे मलाच उलट जय भीम करत. आत्याने माझ्यासाठी भरतकामाचा रुमाल शिवला होता. इतकं कौतुक माझ्या जातीच्या फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

पण मी एक गोष्ट पाहत होतो. रविंद्र "जया, कशी आहेस?" म्हणाला की बैठकीतली सगळी तोंडं तिच्याकडे वळत. बायकोशी चार शब्द बोलायचे, तेही भरल्या बैठकीत. तो घसा खाकरून पुढच्या विषयावर जाई.

१९८३च्या उन्हाळ्यात जयाला एका कॉलेजचं पत्र आलं. प्रयोगशाळेत सहायक म्हणून एक जुलैला रुजू व्हायचं होतं. घरात तिने कुणालाच सांगितलं नाही. रविंद्रला पाठवायचा बैठकीतला निरोप ए बाजूवर भरून झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, कॅसेट उलटी घातली आणि हळू आवाजात नवऱ्याला विचारलं, "हो म्हणू ना?"

उत्तराची कॅसेट जूनच्या शेवटच्या रविवारी आली. ए बाजूच्या शेवटी रविंद्र म्हणाला, "दुसरी बाजू फक्त जयासाठी." सगळे हसले. आत्या हसली नाही.

जयाला ते एकटीने ऐकायचं होतं. माझ्या कडेला एक बारीक भोक आहे. त्यात एअरफोन खोचला की माझा आवाज बैठकीत न पडता एकाच कानात जातो. सोमवारी दुपारी ती एअरफोन आणायला सीताबर्डीच्या बाजारात गेली. कॅसेट तिने आपल्या पेटीत ठेवली होती. कुलूप नव्हतं. घरच्या माणसांपासून कुलूप लावायची रीतच नव्हती.

ती फाटकाबाहेर पडली आणि आत्याने पेटी उघडली. सोबत शामलाबाई. निरोप भरताना दोन बटणं एकदम दाबतात हे आत्याने अनेकदा पाहिलं होतं. ऐकतानाही तसंच असतं, असं तिला वाटलं. तिने दोन्ही दाबली.

मित्रांनो, टेप माझ्यात शिरते तेव्हा तिला आधी पुसणारा भाग लागतो आणि मग लिहिणारा. नवा आवाज उमटण्याआधीच जुना गेलेला असतो. तो माझ्याही कानावर पडत नाही. मी ओरडू शकत नव्हतो. बाजू संपेपर्यंत मी फिरत राहिलो, पुसत राहिलो.

जया परत आली. कॅसेट मागे फिरवली, एअरफोन लावला, बटण दाबलं. क्षणभराने तिने तो उपटून काढला आणि मला उचलून बैठकीत आणलं. आता मी मोठ्याने बोललो.

"आवाज काहून नाही येऊन राहिला वं?" हा शामलाबाईंचा आवाज.

"थांब ना! मशीन गरम होऊन राहिली असन." ही आत्या. "बायकोले काय सांगते पाहू तं खरं."

चंद्रभान चष्मा सावरून बहिणीकडे पाहू लागले. आत्या उसळली, "मी त्याले अंगाखांद्यावर खेळवलं. त्याचं माह्यापासून काय लपवाचं?"

"आत्याबाई, ते तुम्ही खेळवलेलं पोर नव्हतं बोलत," जया म्हणाली. "माह्या नवऱ्याचं उत्तर होतं. गेलं ते."

मग तिने कॉलेजचं पत्र वाचून दाखवलं.

"रवीले पुन्हा विचार," चंद्रभान म्हणाले. "त्याचं येईस्तोर थांब."

"एक तारखेले चार दिवस आहेत, मामाजी. मी जाणार. त्यालेही तसंच कळवते." तिचा आवाज चढला नाही. "आणि आजपासून ए बाजू घराची, बी बाजू माही."

सासरे बहिणीला म्हणाले, "कौसल्या, पेटीले कुलूप आणाची पाळी आली वं या घरावर."

एक जुलैला जया कामावर गेली. आत्या दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी जयाने तिचं बोट धरून तिला ऐकण्याचं बटण दाखवलं. त्यानंतर ए बाजू आत्याच लावू लागली, पाहिजे तितक्या वेळा.

पुढची कॅसेट दोन महिन्यांनी आली. तिच्या मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन्ही चिमुकले तुकडे रविंद्रने जयाच्या सांगण्यावरून मोडून पाठवले होते. ते मोडले की भरायचं बटण खाली जातच नाही. कॅसेटला याहून पक्कं कुलूप नाही.

मित्रांनो, घरात एखादी पेटी, एखादी वही, एखादी कॅसेट कुणा एकाचीच असते. ती उघडण्याआधी विचारा. माया कितीही असली तरी विचारा. आणि यंत्र कळत नसेल तर शिकून घ्या, आत्याही शिकली.

त्या कॅसेटची बी बाजू जयाने एअरफोन लावून ऐकली. पुसलेल्या उत्तरात आपण काय म्हणालो होतो, तेही रविंद्रने त्यात सांगितलं. या खेपेला प्रत्येक शब्द माझ्यातून गेला. मला तो पाठ आहे.

तो मी तुम्हाला सांगणार नाही.