चुन्याच्या गाडीची कैफियत

मी चुन्याची गाडी बोलतेय. हसू नका. चुना म्हटलं की तुम्हा माणसांना आधी फसवणूकच आठवते, हे मला ठाऊक आहे. पण मी जन्मभर फक्त मैदानाला चुना लावला, तोही दिवसाढवळ्या आणि चारचौघांच्या देखत. माणसांना चुना लावणारे वेगळे होते. ते गळ्यात ओळखपत्रं अडकवून आले होते आणि बोलायला फार गोड होते.

माझा जन्म मैदानामागच्या वेल्डिंगच्या दुकानातला. मला घडवून घेतलं ते रेघमामांनी. मामा म्हणजे वस्तीतल्या फुटबॉलच्या मैदानाचे राखणदार. गवत कापणं, पाणी मारणं आणि सामन्याआधी चुन्याच्या रेघा ओढणं हे त्यांचं काम. सगळी वस्ती त्यांना रेघमामाच म्हणायची. त्यांचं खरं नाव विचारलं तर मामीलाही जरा थांबून आठवावं लागे.

माझ्याआधी मामा भोकं पाडलेल्या डब्यातून हातानेच चुना सांडत जायचे. रेघ अशी नागमोडी निघायची की विचारू नका. एकदा त्यांनी मधलं वर्तुळ आखलं, तर खेळाडू म्हणाले, "मामा, वर्तुळ सांगितलं होतं, बटाटा नाही." ते मामांच्या मनाला फार लागलं. त्यांनी रंगाचा रिकामा डबा आणला, त्याला तळाशी जाळी बसवली, जुन्या सायकलचं हँडल लावलं आणि चाकं काढली ती आपल्या लेकीच्या बाबागाडीची.

मामी कडाडल्या. म्हणाल्या, "अहो, उद्या दुसरं मूल झालं तर त्याला काय चुन्याच्या डब्यातून फिरवणार?"

"आधी होऊ तर दे," मामा म्हणाले.

दुसरं झालंच नाही. मीच झाले म्हणा ना. मामांची लेक आणि मी, आम्ही दोघी त्याच चाकांवर वाढलो.

आमच्या कामाची एक रीत होती. मैदानाच्या दोन टोकांना दोन खुंट्या ठोकायच्या आणि मला ढकलत एकीपासून दुसरीपर्यंत जायचं. चाक फिरलं की जाळी हलायची आणि चुना खाली झरायचा. मामा लेकीला शिकवायचे, "चाकाकडे बघायचं नाही. चाकाकडे बघितलं की रेघ वाकडी झालीच समज. समोरच्या खुंटीवर डोळा ठेवायचा आणि चालत सुटायचं. मधे काय येतंय ते बघायचं नाही." लेक हँडलला लोंबकळत ऐकायची. मामांची रेघ पुढे इतकी सरळ झाली की वस्तीत कुणाचं भांडण मिटवायचं असलं तरी लोक म्हणायचे, मामांना विचारा, ते सरळ सांगतील.

लेक मोठी झाली आणि वस्तीतल्या पोरींची ताई झाली. आधी ती मुलांत खेळायची. मग तिने एकेक पोरगी घरातून ओढून आणली. कुणाची आई म्हणायची, काळी पडेल. कुणाचा बाप म्हणायचा, पाय मोडेल. ताई सगळ्यांना पुरून उरली. हळूहळू संध्याकाळचं मैदान पोरींचं झालं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडायची हिंमतही कुणाची नव्हती. घामाघूम झालेल्या पोरी माझ्या डब्यावर पाय ठेवून बुटांच्या नाड्या बांधायच्या. मला राग यायचा नाही.

मग बातमी आली. देशोदेशींचे संघ ज्या स्पर्धेत खेळतात, ती फुटबॉलची मोठी स्पर्धा आपल्या शहरात होणार होती. वस्ती नुसती हुरळून गेली. चहाच्या टपरीवर जो तो प्रशिक्षक झाला. आणि एक दिवस साहेब आले. स्पर्धेच्या समितीचे साहेब, पांढरे बूट, हसरा चेहरा. मैदानाच्या कडेला त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की इथे स्टेडियम होणार.

"स्पर्धा काय, महिनाभरात संपेल," साहेब म्हणाले. "मागे उरेल तो वारसा. हे मैदान, त्यावरचं गवत, दिवे, सगळं तुमच्या मुलींसाठीच. स्पर्धा झाली की पहिला हक्क त्यांचा."

मामी मागून बोलल्या, "वारसा तर कुणी गेल्यावर मिळतो ना, साहेब? मग जाणार कोण?"

सगळे हसले. सर्वांत जास्त साहेब हसले. मला तेव्हाच ते हसणं आवडलं नव्हतं, पण चुन्याच्या गाडीला विचारतो कोण!

साहेबांनी मामांना बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमचं नाव फार ऐकलंय. स्टेडियमची हद्द आखायची आहे. यंत्रं आहेत आमच्याकडे, पण पहिली रेघ तुमच्या हातची असावी, अशी आमची इच्छा आहे." झालं. मामा हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, मला धुऊन पुसून काढलं, डब्यात ताजा चुना भरला. साहेबांची माणसं पुढे जाऊन खुंट्या ठोकत होती. मामा नेहमीसारखे निघाले, डोळा समोरच्या खुंटीवर. गोलपोस्टच्या खांबामागून गेलो. वस्तीच्या मंडळाच्या खोलीला वळसा घातला, दगडी पायऱ्या उतरलो. मी पाहत होते आम्ही कुठे चाललो आहोत ते. मामा पाहत नव्हते. त्यांनी जन्मभर तेच तर साधलं होतं.

शेवटच्या खुंटीपाशी पोचल्यावर त्यांनी वळून आपली रेघ पाहिली. सुरेख आली होती. ती घरांच्या रांगेपलीकडून, मामांच्याच अंगणातून गेली होती. अंगणातला नळ एकीकडे आणि घर दुसरीकडे. नळापाशी मामी भरलेली कळशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "घर आत धरलंत की बाहेर?"

घर आत होतं. आत म्हणजे स्टेडियमच्या हद्दीत, म्हणजे पाडायच्या यादीत. साहेबांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटो काढला. त्या फोटोत मामांचा हात माझ्या हँडलवर आहे आणि तोंड उघडं आहे.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच स्वतःची समजूत घातली. ताईला म्हणाले, "घराचं काय, कुठेही राहू. मैदान तर पोरींना मिळतंय." मग तेच ते दारोदार सांगत फिरले. लोक कुरकुरत होते, काहीजण अडून बसले होते. पण एकाने म्हटलं, मामांनी रेघ मारलीय ना, मग सरळच असणार. वस्ती उठली. त्यांना शहराच्या टोकाला, खडकाळ माळावर बांधलेल्या इमारतींत नेऊन टाकलं. तिथे जिने होते, लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती.

मला मात्र नेलं नाही. साहेबांनी मामांना सांगितलं, "स्टेडियममध्ये वारसा दालन करतोय. तुमची गाडी तिथे मानाने ठेवू." मामांनी माझ्या चाकांना तेल घालून मला दिलं. देताना हँडलवरून हात फिरवला. बस, एवढंच. मीही मूर्ख, मला वाटलं, मान म्हणजे काहीतरी चांगलं असणार.

तेव्हापासून मी काचेच्या पेटीत उभी आहे. नशीब म्हणा, पेटी खिडकीपाशी आहे, त्यामुळे मैदान दिसतं. उद्घाटनाला ताईच्या पोरींना बोलावलं होतं. मधल्या वर्तुळावर अंथरलेलं मोठं रंगीत कापड त्यांनी कडेने धरून हलवायचं होतं. मी त्यांना ओळखलं, एकसारख्या कपड्यांतसुद्धा. एक बाई ध्वनिक्षेपकावरून सारखी सांगत होती, "मुलींनो, पाय आपटू नका, गवत खराब होतं." ज्या मातीवर त्या धडपडून मोठ्या झाल्या, तिच्यावर त्या दिवशी पाहुण्यासारख्या चवड्यांवर चालल्या. कापडाची घडी झाली आणि त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. खेळ त्यांनी पाहिलाच नाही.

स्पर्धा संपली. जगभरची माणसं आपापल्या घरी गेली. मी वाट पाहू लागले, की आता संध्याकाळी पोरी येणार. आल्या. ताई फाटकाशी त्यांना घेऊन उभी राहायची आणि पहारेकरी आत जाऊन विचारून यायचा. आधी उत्तर आलं, गवताला विश्रांती हवी. मग आलं, दिव्यांची देखभाल परवडत नाही. मग आलं, धोरण ठरतंय. धोरण कसलं ठरतंय डोंबल! त्याच गवतावर लाकडी फळ्या टाकून गाड्यांचं प्रदर्शन झालं, कुठल्याशा कंपनीचं स्नेहसंमेलन झालं. तेव्हा गवताला विश्रांती नको होती.

माळावरून यायचं तर पोरींना दोन बस बदलाव्या लागत. एकीच्या आईने बंद केलं, मग दुसरीच्या. एक दुकानात लागली. एकीचं लग्न झालं. फाटकाशी ताईबरोबरची रांग आखूड होत गेली. मैदानावर ते रोज न चुकता पाणी सोडत होते. आमच्या वस्तीने मात्र मैदानावर कायमचं पाणी सोडलं.

हे सगळं मला कसं कळतं म्हणाल, तर दालनात झाडू मारायला येणाऱ्या मावशी आमच्याच वस्तीतल्या. त्यांना काच पुसताना बोलायची सवय आहे. मामा गेल्याचंही त्यांनीच सांगितलं.

"शेवटी शेवटी खाली उतरतच नव्हते," मावशी म्हणाल्या. "जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, काय मामा, मैदान मिळालं का? मी पण विचारलंय एकदा. तोंडातून निघून गेलं. माणूस खाली मान घालून परत वर गेला."

मावशींनी डोळे पुसले आणि त्याच फडक्याने काच पुसली. मामांनी कुणाला फसवलं नव्हतं हो. त्यांना आधी फसवलं आणि मग त्यांच्या हातून बाकीच्यांना. साहेबांना जाब विचारायला कुणी गेलं नाही, कारण साहेब भेटत नाहीत. मामा जिन्यात भेटायचे.

परवा ताई आली. आता तिचे केस कानाशी पांढरे झालेत. बरोबर दोन लहान पोरी होत्या, मी न पाहिलेल्या. मावशींनी तिला आत आणलं. योगायोगाने साहेबही कुणा पाहुण्यांना घेऊन दालनात आले होते. ताई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, मैदान मागायला नाही आले. ते आता मी सोडलंय," ती म्हणाली. "माळावर टाकीशेजारी थोडी मोकळी जागा आहे. दगड वेचून साफ केलीय आम्ही. ही गाडी तेवढी द्या. रेघा आखायच्या आहेत."

साहेब तसेच गोड हसले. "ताई, ही आता नुसती गाडी नाही, वारसा आहे. वारसा असा बाहेर वापरायला देता येत नाही."

"माझ्या वडिलांची आहे ती. वारस मी आहे."

"बरोबर आहे. पण हा सगळ्या समाजाचा ठेवा. पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायचा."

ताईने त्या दोन पोरींना पुढे केलं. "मग या कोण आहेत?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात स्पर्धेचा स्मृतिदिन आहे. तुम्ही या ना. रेघमामांची कन्या म्हणून व्यासपीठावर सत्कार करू." आणि ते पाहुण्यांना घेऊन पुढच्या पेटीकडे गेले. पाहुण्यांपैकी एकाने जाता जाता ताईचा फोटो काढला.

धाकट्या पोरीने काचेला नाक लावलं. विचारलं, "ताई, ही कशाची गाडी?"

ताई सांगणार होती. तेवढ्यात पोरीने पेटीखालची पितळी पाटी वाचायला घेतली, एकेक अक्षर जुळवत, मोठ्याने. "स्थानिक रहिवाशांनी... स्व... खुशीने... दिलेली भेट." तिने वर पाहिलं. "स्वखुशीने म्हणजे काय गं?"

ताई म्हणाली, "चल, बस चुकेल."

त्या गेल्या. मी इथेच आहे. माझी चाकं गंजू नयेत म्हणून दर आठवड्याला तेल घालतात, आणि फिरू नयेत म्हणून खाली लाकडाच्या पाचरी ठोकल्यात. डबा धुऊन इतका लख्ख केलाय की त्यात चुना कधी होता, हे सांगूनही पटणार नाही.

तुम्ही कधी या दालनात आलात, तर माझी कीव करू नका. फोटो काढा, हरकत नाही, ती सवय तुम्हाला लागलेलीच आहे. मला इथून सोडवणं तुमच्याने होणार नाही, तेही मला कळतं. एवढंच करा. खिशात किल्ली असेल, नाणं असेल, काहीही टोकदार असेल, तर मावशींना सांगून जरा वाका आणि पाटीवरचा तो एक शब्द खरवडून टाका. मावशी पाठ फिरवतील. मी विचारलंय त्यांना.